नाका चुकवू नका

गेल्या पंधरवड्यात एक ट्रकचालक दवाखान्यात आला. तो स्वतः ठणठणीत होता. आजारी होते त्याचे वडील. वडिलांना तोंडाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, तरीही रोग पुन्हा उलटला. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी आता एक नवे औषध सुचवले होते आणि कागदावर त्याचा प्रकार लिहून दिला होता, 'इम्यून चेकपॉइंट इन्हिबिटर'. तो कागद माझ्यापुढे ठेवून चालक म्हणाला, "डॉक्टर, ह्यातला चेकपॉइंट तेवढा मला कळला. चेकपॉइंट म्हणजे नाका. पंचवीस वर्षं नाक्यानाक्यावर थांबतोय मी. पण पोरगं म्हणतंय, इन्हिबिटर म्हणजे बंद पाडणारं. आता नाकाच बंद पाडला तर चोर सुटणार न्हवं?"

वाचकहो, प्रश्न इतका रास्त होता की मी हातातले काम बाजूला ठेवले. त्याला जे सांगितले ते पुढे येईलच. पण तो गेल्यावर 'नाका' हा शब्द डोक्यातून जाईना. आमच्या वैद्यकात आज हा शब्द जागोजागी भेटतो, आणि खरे सांगायचे तर आमचा निम्मा धंदा नाक्यावरच्या शिपायाचा आहे. तो आम्ही नीट करतो का, आणि तुम्ही आम्हाला करू देता का, हे आज पाहू.

नाका म्हणजे काय?

चेकपॉइंट म्हणजे वाटेवरची अशी जागा, जिथे थांबावे लागते, तपासणी होते आणि मगच पुढे जाता येते. आपल्याला हा शब्द नवा नाही. जकात नाका, टोलनाका, चेकनाका, नाकाबंदी, नाकेदार हे सारे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही गेली, पण 'जकात नाका' हे ठिकाणांचे नाव अनेक शहरांत अजून राहिले आहे. घरातली मुले संगणकावर खेळतात त्या खेळांतही चेकपॉइंट असतो. तिथवर पोचले की पुढे हरलात तरी पुन्हा तिथूनच खेळ सुरू करता येतो. शरीराच्या खेळात ही सवलत नाही, एवढेच मुलांना सांगून ठेवावे.

कोरोनाच्या काळात, २०२० साली, जिल्ह्याच्या सीमेवर ई-पासवाचून गाडी पुढे सरकत नव्हती. २०२१ साली कर्नाटकात जाताना कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल दाखवावा लागे. तिथून परत फिरावे लागलेले अनेक जण आपल्या ओळखीचे असतील. त्यावेळी आपण सगळे नाक्यांना शिव्या घालत होतो. पण नाक्याचे खरे स्वरूपही आपल्याला तेव्हाच कळले. नाका योग्य जागी हवा. तिथे उभा असलेला माणूस खरोखर बघणारा हवा. आणि काही आढळलेच तर गाडी बाजूला घेण्याचा अधिकार आणि तयारी हवी. यातले एक जरी नसेल, तर रस्त्यात नुसता बांबू आडवा टाकला आहे असे समजावे.

शरीरातले नाके

आपल्या शरीरात अब्जावधी पेशी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा सतत विभागून नव्या पेशी तयार करीत असतात. प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशीतल्या आनुवंशिक मजकुराची, म्हणजे डीएनएची, संपूर्ण नक्कल करावी लागते. नक्कल करताना चुका होणारच. म्हणून निसर्गाने या वाटेवर नाके ठेवले आहेत. मजकूर फाटला असेल तर पेशीला तिथे थांबवले जाते, दुरुस्ती होते आणि मगच विभाजन पुढे सरकते. दुरुस्ती शक्यच नसेल तर ती पेशी स्वतःहून मरते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ लेलंड हार्टवेल यांनी हे पाहिले ते पाव फुगवण्यासाठी वापरतात त्या यीस्टमध्ये. किरणांचा मारा झालेल्या यीस्टच्या पेशी विभाजन थांबवून दुरुस्तीसाठी वाट पाहतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि या थांब्याला त्यांनी 'चेकपॉइंट' म्हटले. पेशीविभाजनावरील कामासाठी त्यांना २००१ साली टिम हंट आणि पॉल नर्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या नाक्यावरचा एक महत्त्वाचा शिपाई म्हणजे 'पी-५३' नावाचे प्रथिन. जवळजवळ निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाच्या जनुकात बिघाड आढळतो. म्हणजे शिपाई झोपला आणि नको ती गाडी पुढे गेली. तंबाखू काय करते? ती एकीकडे डीएनए फाडते आणि दुसरीकडे हाच शिपाई निकामी करते. मावा गालात धरून बसणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

आता चालकाच्या प्रश्नाकडे येऊ. वर सांगितलेले नाके सदोष पेशीला अडवतात. पण शरीरात दुसऱ्या जातीचेही नाके आहेत, आणि ते पोलिसालाच अडवतात. आपल्या रक्तातील टी-पेशी म्हणजे शरीराचे पोलिस. त्यांनी मोकाट सुटून घरच्याच माणसांना बडवू नये म्हणून त्यांच्या अंगावर 'पीडी-१' आणि 'सीटीएलए-४' अशी नावे असलेले लगाम असतात. निरोगी पेशीने ओळखपत्र दाखवले की पोलिस हात आवरतो. कर्करोगाच्या काही पेशी मोठ्या लबाड असतात. त्या हेच ओळखपत्र पुढे करतात आणि पोलिस सलाम ठोकून परत जातो. नव्या औषधाने हा लगाम सैल होतो. मग खोट्या ओळखपत्राचा उपयोग उरत नाही. जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-१ सापडले, अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ वर काम केले, आणि या दोघांना २०१८ सालचे नोबेल मिळाले.

चालकाला मी म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. नाका बंद केला की धोका असतोच. पोलिस मोकळे सुटले की कधी आतड्याला, कधी फुप्फुसाला, यकृताला, थायरॉइडला सूज आणतात. म्हणून औषध चालू असताना जुलाब लागले, दम लागला तर अंगावर काढायचं नाही, लगेच त्यांना कळवायचं. शिवाय हे औषध सगळ्यांना लागू पडतंच असं नाही."

त्याने पुढे खर्चाचे विचारले. हे औषध फार महाग आहे, ही गोष्ट खरी. मात्र मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या पुढच्या अवस्थेतील रुग्णांवर एक अभ्यास केला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दिले. एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा कागद घेऊन आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न विचारा, असे त्याला सांगितले. तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "आबांच्या तोंडात पांढरा चट्टा दोन वर्षांपासून होता बघा. कुणी तोंड उघडा म्हटलंच नाही." हे वाक्य मला लागले. का लागले ते आता सांगतो.

एक कबुली

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी वीस वर्षे येत होते. सर्दी, खोकला, कधी गुडघा. आले की आधी उसाचा दर, मग पाऊस, मग राजकारण. गप्पांतच गोळ्या लिहून व्हायच्या. गुरुजींची प्रकृती काटक, रोज दोन मैल चालणारा माणूस. त्यांना काय होणार? एका पहाटे त्यांचा उजवा हात उचलेना आणि बोलणे अडखळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मोठ्या दवाखान्यात पोचले तेव्हा रक्तदाब २१० वर १२० होता.

जीव वाचला, पण वाचा गेली. आठवड्याने त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. भांडायला नव्हत्या आल्या. तिकडच्या डॉक्टरांनी विचारले होते, म्हणून एवढेच विचारायला आल्या होत्या, "डॉक्टर, ह्यांचं बीपी आधी किती असायचं हो?" मी गुरुजींचे कार्ड काढले. दोन वर्षे आणि चार महिने मागे जावे लागले, तेव्हा कुठे रक्तदाबाची एक नोंद सापडली. १५०/९६. पुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'पुन्हा पाहणे'. त्यानंतर गुरुजी अकरा वेळा येऊन गेले होते. अकरा वेळा मी पाहिले नव्हते.

"काकू, जास्त होतं. मी बघायला हवं होतं," असे मी म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

मी असे का केले, याचा पुष्कळ विचार केला. आळस नव्हता, ज्ञान कमी नव्हते, यंत्र टेबलावरच होते. गुरुजी ओळखीचे होते, एवढेच. नाक्यावर ओळखीची गाडी दिसली की शिपाई हात हलवून 'जाऊ द्या' म्हणतो, तसे मी केले. आपल्याकडे ओळखीच्या माणसाला अडवणे म्हणजे त्याचा अपमान, अशी समजूत आहे. पण ओळखीचा माणूस अडवला जात नाही, म्हणून नेमका तोच मरतो. डॉक्टरांच्या घरातली माणसे याच कारणाने उशिरा सापडतात, हे माझे समव्यावसायिक कबूल करतील.

रायगडच्या हिरकणीची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण अवघड कड्यावरून उतरून गेली, असे सांगतात. या गोष्टीचा शेवट मला महत्त्वाचा वाटतो. महाराजांनी तिचा गौरव तर केलाच, पण जिथून ती उतरली तिथे बुरूजही बांधून घेतला. पहारेकऱ्याला शिक्षा करून प्रश्न मिटला नसता. फट बुजवावी लागली.

मीही माझ्यापुरता एक बुरूज बांधला. आता दवाखान्यात नाव नोंदवले की तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आमच्या सिस्टर बाहेरच मोजतात आणि आकडा कार्डावर लिहितात. त्याशिवाय कार्ड माझ्या टेबलावर येत नाही. मग तो सरपंच असो, माझा वर्गमित्र असो की माझी सख्खी बहीण. पहिल्या महिन्यात पुष्कळ कुरकुर झाली. "ताप दाखवायला आलोय, बीपी कशाला? त्याचे वेगळे पैसे घेणार काय?" पैसे घेत नाही म्हटल्यावर कुरकुर थांबली. दर आठवड्याला एखादा तरी असा निघतो, ज्याला आपला रक्तदाब वाढल्याचा पत्ताच नसतो. त्यातला प्रत्येक जण मला गुरुजींची आठवण देऊन जातो.

मोठ्यांचे नाके

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे तुमच्या लहान दवाखान्याचे. मोठ्या रुग्णालयात असे होत नसेल. तिथेही होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी, असे तीन वेळा थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे. रुग्ण कोण? शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची? ॲलर्जी आहे का? कापूस, फडकी, हत्यारे मोजली का? या कामाचे प्रमुख अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. नाव विचारणे आणि फडकी मोजणे एवढेच! अर्थात यादीवर नुसत्या खुणा मारल्या तर काही होत नाही, तोही बांबूच.

आपल्या मुंबईचेच दुसरे उदाहरण घ्या. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा दीर्घ अभ्यास केला. तपासणी साधी. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते ते, लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचे. हे काम दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन करवले. २०१३ साली निष्कर्ष आले. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. नाक्याला काचेची इमारत लागत नाही, हे यावरून कळावे.

नाके किती असावेत?

इथे माझे एक परखड मत मांडतो. हल्ली 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिराती जोरात आहेत. सत्तर चाचण्या, नव्वद चाचण्या, वाढदिवसाला सवलत. लोकांना वाटते, जितके नाके तितकी सुरक्षितता. असे नसते. बहुतेक चाचण्यांची 'सर्वसाधारण' मर्यादा अशी ठरवतात की निरोगी माणसांतलेही शंभरात पाच जण तिच्याबाहेर पडतात. मग नव्वद चाचण्या केल्यावर ठणठणीत माणसाच्या कागदावरही दोन-चार आकडे ठळक छापून येणारच. तो घाबरतो, झोप उडते, पुढच्या चाचण्या होतात, क्वचित नको ती शस्त्रक्रियाही होते. दर फर्लांगावर नाका उभारला तर रस्ता तुंबतो आणि शिपाई कंटाळून बघेनासा होतो.

उलट, तीन हजारांचा संच करून आलेल्या एका गृहस्थांना मी विचारले, "तुमचा रक्तदाब किती?" ते म्हणाले, "तो नव्हता त्या पॅकेजमध्ये!" त्यांच्या तोंडात पाहिले तर उजव्या गालाला आतून पांढरा चट्टा. त्या जाडजूड फाइलीत तोंडाचा उल्लेखच नव्हता. रक्ताचे नव्वद आकडे होते.

म्हणून मी सांगतो, नाके थोडे ठेवा, पण ते कधीही चुकवू नका. पुढील यादी कापून कपाटाच्या दाराला चिकटवा.

१) वय ३० झाले की वर्षातून एकदा रक्तदाब. आधी पाच मिनिटे शांत बसावे. त्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू नको. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर घाबरू नका, पण पुन्हा मोजून खात्री करून घ्या. गोळ्या सुरू झाल्यावर आकडा उतरला म्हणून गोळ्या सोडू नका. तो आकडा गोळ्यांमुळेच उतरलेला असतो.

२) वय ३० पासून रक्तातील साखरही वर्षातून एकदा. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आली तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासा.

३) तंबाखू, मिश्री, मावा, गुटखा यांपैकी काहीही घेत असाल तर महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर थांबू नका. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जात नसतील तरी दाखवा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. गालातली बंदी मात्र तुम्हालाच घालायची आहे.

४) ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाची व स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी करून घ्यावी. स्तनात गाठ लागली तर पाच वर्षे थांबायचे नाही, त्याच आठवड्यात यायचे. ही तपासणी, आणि वरच्या तिन्हीही, सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य असतात. आशाताई अर्ज घेऊन घरी आली तर तिला दारातून परत पाठवू नका.

५) गरोदरपणी किमान चार तपासण्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. दर खेपेस रक्तदाब, वजन आणि हिमोग्लोबिन पाहिले का, हे सासूबाईंनी विचारावे. सुनेच्या डोहाळजेवणाइतकेच ते महत्त्वाचे आहे.

६) औषधाच्या दुकानातला नाका तुमच्या हातात आहे. चिठ्ठीवरचे नाव आणि पाकिटावरचे नाव जुळवून घ्या. इंजेक्शन टोचण्यापूर्वी ते कशाचे आहे हे विचारा. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती न विचारताच सांगा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर तो नाका सोडून दुसरीकडे जा.

ही यादी आमच्यावरही बंधनकारक आहे. तुमच्या डॉक्टरांनी वर्षभर रक्तदाब मोजला नसेल तर तुम्हीच म्हणा, "डॉक्टर, पट्टा बांधा." ओळख कितीही जुनी असो. त्यात अपमान कुणाचाच नाही. गुरुजी एकदा जरी तसे म्हणाले असते, तर आज माझ्यासमोर बसून उसाच्या दरावर भांडत असते.

ते अजून येतात. मुलाचा हात धरून. बोलत काही नाहीत. सिस्टरपुढे बसले की मी काही म्हणायच्या आत डावा हात स्वतःहून पुढे करतात. मीही त्यावेळी उठून बाहेर जातो आणि तो आकडा स्वतः कार्डावर लिहितो.